गोलकीपर म्हणून खेळून झालं, आता गोलकीपर कोचचं लायसन्स काढायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

खेळणं थांबायची वेळ जवळ आली की बहुतेक कीपरच्या डोक्यात कोचिंगचा विचार येतोच, पण बरेच जण अर्ज करायलाच उशीर करतात, कारण त्यांना वाटतं इतकी वर्षं गोलमध्ये उभा होतो, तेवढं पुरे आहे. पुरे नाहीये. तुमचं सगळं करिअर फॉर्मच्या एका रकान्यात मावतं आणि बाकीचे रकाने विचारतात की तुम्ही शिकवता का, कुणाला शिकवता, किती दिवस शिकवताय. म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगतो, शेवटचं कॉन्ट्रॅक्ट चालू असतानाच सर्वसाधारण कोचिंगच्या सी लायसन्सचा कोर्स उरकून घ्या.

आधी हे लायसन्स देतं कोण ते बघू, कारण इथेच गोंधळ होतो. फिफा देत नाही. तुमच्या देशाची फुटबॉल फेडरेशन कोर्स घेते आणि खंडाची संघटना, म्हणजे युरोपात युएफा, आशियात एएफसी, त्याला मान्यता देते. त्यामुळे अर्ज फेडरेशनच्या कोच एज्युकेशन विभागाकडेच करायचा. युएफाच्या रचनेत कीपर कोचसाठी गोलकीपर बी आणि त्याच्या वर गोलकीपर ए असे वेगळे डिप्लोमा आहेत, बाकीकडे नावं आणि लेव्हल थोड्या वेगळ्या असतात, पण पायऱ्यांची कल्पना तीच.

पात्रतेत सगळ्यात जास्त लोक अडतात ते एका गोष्टीवर, आधी सर्वसाधारण कोचिंगचं लायसन्स, सी किंवा बी, हातात असावं लागतं. कीपरला हे पटत नाही, मला काय करायचंय मिडफिल्डचं असं वाटतं, पण १९९२ मध्ये बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला बॉल, हातात घ्यायला बंदी आली तेव्हापासून कीपर हा पायाने खेळणारा अकरावा माणूस झालाय, टीम मागून बॉल कसा बाहेर काढते हेच कळत नसेल तर कीपरला काय शिकवणार. दुसरी अट म्हणजे सध्या एखाद्या टीमबरोबर प्रत्यक्ष काम चालू हवं, अंडर १३ ची असली तरी चालते, पण खरी हवी. बऱ्याच वर्षांच्या प्रोफेशनल खेळाडूंसाठी काही ठिकाणी बी आणि ए एकत्र करायची सोय असते, तुम्ही त्यात बसत असाल तर जरूर विचारा, फक्त त्याने कोर्सचे दिवस कमी होतात, परीक्षा काही टळत नाही.

आता कागदपत्रं. ओळखपत्र, फोटो, आधीच्या लायसन्सची प्रत, मेडिकल फिटनेस, सीपीआरसकट (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायचा उपचार) प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट, लहान मुलांबरोबर काम करायचं म्हणून पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि बालसुरक्षेचा छोटा कोर्स, हे साधारण सगळीकडे मागतात आणि थोडी धावपळ केली की मिळून जातं. चारित्र्य दाखल्याची तारीख मात्र बघा, जुना झाला की चालत नाही. खरा वेळ खातं ते खेळल्याचं प्रमाणपत्र. तुमची नोंदणी कुठल्या क्लबकडे कधी होती हे फेडरेशनच्या रेकॉर्डमध्ये असतं, त्याला प्लेयर पासपोर्ट म्हणतात, तो आधी मागवून घ्या. त्याशिवाय क्लबचं पत्रही मागितलं तर ते लेटरहेडवर, सीझनच्या तारखांसकट, सही-शिक्क्याचं हवं. माझ्या एका जुन्या क्लबात सगळी माणसं बदललेली, मी कोण हेच कुणाला माहीत नव्हतं, त्या एका पत्रासाठी माझी एक बॅच गेली, म्हणून क्लब सोडताना त्याच आठवड्यात पत्र घेऊन ठेवा.

फॉर्म स्वीकारला की इंटरव्ह्यू असतो किंवा तुमच्या सेशनचा व्हिडिओ मागतात. लेखी भागात नियम विचारतात, आणि पाच-सहा वर्षांपूर्वी खेळणं सोडलेला माणूस इथे चुकतो. २०२५ पासून कीपरने बॉल हातात आठ सेकंदांच्या वर धरला तर कॉर्नर देतात, आधी सहा सेकंद होते आणि इनडायरेक्ट फ्री किक मिळायची.

प्रॅक्टिकलबद्दल जरा जास्त सांगतो. मी माझ्या असेसमेंटला समोरच्या मुलाला सारखं सेट, सेट म्हणून ओरडत होतो. असेसरने, म्हणजे परीक्षकाने, थांबवलं आणि विचारलं, कधी सेट व्हायचं हे सांगितलं का त्याला? नव्हतं सांगितलं. मला स्वतःला ते अंगात भिनलेलं, शूट मारणाऱ्याचा पाय मागे गेला की आपले दोन्ही पाय जमिनीवर, वजन पंज्यांवर, हात पुढे, पण हे मी आयुष्यात कधी शब्दांत बोललोच नव्हतो. मग बॉल हातात धरून मुलाला नुसता माझा पाय बघायला लावला, तीन-चार वेळा पाय मागे नेला, बॉल मारलाच नाही, आणि पाचव्यांदा तो बरोबर वेळेला थांबला. अर्जाच्या आधी महिनाभर तरी तुमची सेशन्स कुणाकडून तरी मोबाईलवर शूट करून घ्या आणि आवाज चालू ठेवून बघा, आपण काय बोलतो ते तिथे ऐकू येतं.

कोर्समध्ये मॅच ॲनालिसिसची असाइनमेंट असते, ती उरकल्यासारखी करू नका, कारण पुढे हेच काम आहे. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टी शूटआउटला जर्मनीचा कीपर येन्स लेमनच्या सॉक्समध्ये जी चिठ्ठी होती ती त्यांचा गोलकीपर कोच आंद्रेआस कोपकेने तयार केली होती, कोण कुठे मारतो याची, आणि कोपके स्वतः १९९६ ची युरो जिंकलेला कीपर. शेवटची पेनल्टी मारणाऱ्या कांबियासोचं नाव त्यात नव्हतंच, तरी लेमन चिठ्ठी बघत राहिला आणि ती पण अडवली.

लायसन्स मिळालं की त्यावरची मुदत बघून ठेवा. युएफाचं ३ वर्षं चालतं आणि रिन्यू करायला त्या काळात १५ तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. प्रत्येक वर्कशॉपचं हजेरी सर्टिफिकेट त्याच दिवशी स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये टाका, जिथे क्लबची पत्रं ठेवलीयेत.