वंशसंहार आणि हुकूमशाही

एखाद्या राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूहाचा पूर्ण वा अंशतः नाश करण्याच्या हेतूने केलेली कृत्ये म्हणजे वंशसंहार. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या करारात अशी पाच कृत्ये दिली आहेत. जन्म रोखणे आणि मुले हिरावून दुसऱ्या समूहाच्या हवाली करणे हीही त्यांत येतात.

जहाल विचारसरणी शत्रू ठरवून देते. त्याला हुडकून काढायला मात्र सरकारी दप्तर लागते, आणि आडवे येणारे संसद-न्यायालय आधी निकामी करावे लागते, म्हणजेच हुकूमशाही लागते. हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी जर्मनीचा चॅन्सेलर म्हणजे सरकारप्रमुख झाला. दोन महिन्यांच्या आत संसदेला वगळून कायदे करण्याची मुभा त्याच्या मंत्रिमंडळाला मिळाली आणि एप्रिलमध्ये ज्यूंना सरकारी नोकरीतून काढणे सुरू झाले. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनुसार चारपैकी तीन आजी-आजोबा ज्यू निघाले की माणूस ज्यू. मग तो स्वतः चर्चमध्ये जाणारा का असेना. ऑक्टोबर १९३८ पासून ज्यूंच्या पासपोर्टवर 'ज्यू' दर्शवणारे लाल 'जे' (J) हे अक्षर उमटू लागले. सामूहिक कत्तली सुरू झाल्या १९४१ मध्ये. बळी सुमारे ६० लाख.

सुटलेल्यांपैकी काही मुंबईत, शनवार तेल्यांच्या म्हणजे बेने इस्रायल या मराठी ज्यूंच्या शहरात आले. आकाशवाणीच्या संकेतधुनेचे श्रेय ज्यांना दिले जाते ते वॉल्टर कॉफमन १९३४ मध्येच पोचले. रझा, आरा या चित्रकारांना उत्तेजन देणारे चित्रकार लँगहॅमर आपल्या ज्यू पत्नीसह व्हिएन्नाहून निघाले ते १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळल्यानंतर. युद्ध पेटताच ब्रिटिशांनी जर्मन पासपोर्ट पाहून काही ज्यू निर्वासितांनाच अहमदनगरच्या छावणीत डांबले. कागद असाही उलटतो.

सत्तेवरचा संसदेसारखा लगाम शाबूत असला की काय होते, हे बल्गेरियात दिसते. जर्मनीच्या या मित्रराष्ट्राने ताब्यातल्या थ्रेस-मॅसिडोनियातील ११ हजारांहून अधिक ज्यू १९४३ मध्ये मृत्यूछावणीकडे रवाना केले. त्यांना नागरिकत्वच दिलेले नव्हते. खुद्द बल्गेरियातले सुमारे ४८ हजार वाचले, कारण संसदेचे उपाध्यक्ष दिमितर पेशेव्ह, ४० हून अधिक खासदार आणि चर्च आडवे आले.

रवांडात १९९४ मध्ये अल्पसंख्य तुत्सींच्या संहारात ओळखपत्रावरची 'तुत्सी' ही नोंद नाक्यानाक्यावर तपासली गेली. रेडिओ नावे पुकारत होता.

१९४८ च्या करारातून राजकीय गट वगळलेले आहेत, तेही सोव्हिएत संघासारख्या देशांच्या आग्रहाने. त्यामुळे कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत (१९७५–७९) १५ ते २० लाख लोक मेले, तरी विशेष न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात वंशसंहार ठरला तो चाम मुस्लिम आणि व्हिएतनामींपुरता. बाकी कृत्ये मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे म्हणून नोंदली गेली.