‘सांता लुचिया’ हे भजन नव्हे!

डिसेंबर आला की ‘सांता लुचिया’ या इटालियन गाण्याचे व्हिडिओ ख्रिस्ती संत लुचियाची प्रार्थना म्हणून फिरू लागतात. नावात संत आहे, चालही संथ, त्यामुळे कुणालाही ते पटतं. पण मूळ गाण्यात प्रार्थनेचा मागमूसही नाही.

हे गाणं इटलीतल्या नेपल्स शहराच्या एका नावाड्याचं आहे. समुद्रावर चांदणं चमकतंय, लाटा शांत आहेत, वाराही अनुकूल आहे, तेव्हा या, माझ्या चपळ होडीत बसा, असं तो गिऱ्हाइकांना बोलावतो. पुढे तर होडीवरच्या कापडी छताखाली रात्रीच्या जेवणाचंही आमिष दाखवतो! थोडक्यात, धंद्याची हाळीच, फक्त सुरेल. मग सांता लुचिया कोण? तर नेपल्सचा किनाऱ्यालगतचा एक भाग. तिथल्या चर्चवरून त्याला हे नाव पडलं, एवढाच काय तो संताशी संबंध. संगीतकार आणि प्रकाशक तेओदोरो कोत्राऊ यांनी 1849 च्या सुमारास हे गाणं नेपल्सच्या बोलीतून इटालियनमध्ये आणून छापलं.

घोळ झाला तो स्वीडनमुळे. तिथे 13 डिसेंबरला, लुचियाच्या सणाला, पांढरा झगा घातलेली मुलगी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घेऊन मिरवते आणि मागून याच चालीवर गाणं म्हणतात. शब्द मात्र स्वीडिश, वेगळेच: काळोखी रात्र आणि प्रकाश घेऊन येणारी लुचिया. तिथे ते भक्तिगीत शोभतंही. फक्त त्या व्हिडिओखाली नावाड्याच्या गाण्याचा ‘अर्थ’ म्हणून प्रार्थना चिकटवू नये.