रिंग आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही

डर्ट बाइक चालवणाऱ्यांच्या गप्पांत एक सल्ला हमखास ऐकू येतो: ‘वजन जास्त आहे ना? मग मागच्या शॉकची रिंग आवळ, स्प्रिंग कडक होईल.’ शॉक म्हणजे चाकाचे धक्के झेलणारी स्प्रिंग-तेलाची नळी, आणि रिंग म्हणजे तिच्या स्प्रिंगच्या टोकाशी फिरणारी नटासारखी चकती. रिंग आवळली की गाडी मागून उचलली जाते, बसल्यावर कमी दबते आणि सल्ला पटतो. प्रत्यक्षात स्प्रिंग तसूभरही कडक झालेली नसते.

एक मिलिमीटर दाबायला किती न्यूटन बल लागतं, तो स्प्रिंगचा कडकपणा. तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवर तो ठरतो. रिंग यातलं काहीच बदलत नाही. ती स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवते, एवढंच. याला प्रीलोड म्हणतात. रिंग आवळली की स्प्रिंग जास्त बलापासून सुरुवात करते, पण पुढचा प्रत्येक मिलिमीटर पूर्वीइतकाच बल मागतो. शाळेतला हूकचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो.

मग आपल्या वजनाला स्प्रिंग योग्य आहे की नाही, हे कसं कळणार? यासाठीची युक्ती मला फार सुंदर वाटते, कारण तिला टेपपट्टीपलीकडे काहीच लागत नाही.

गाडी स्टँडवर चढवून मागचं चाक हवेत लोंबकळू द्या. अॅक्सलपासून सरळ वर, मागच्या मडगार्डवर एक खूण करा आणि अंतर मोजा. मग गाडी चाकांवर उभी करून पुन्हा मोजा. जितकं अंतर घटलं तो मोकळा सॅग. आता हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी असा सगळा जामानिमा चढवून गाडीवर बसा, दोन-तीनदा दाबून सोडा म्हणजे सीलचं घर्षण मोडेल, आणि दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. पहिल्या मापापासूनची ही घट म्हणजे स्वारासकट सॅग. मोठ्या मोटोक्रॉस गाड्यांच्या मागच्या चाकाला साधारण ३०० मिलिमीटरची हालचाल असते. त्यात स्वारासकट सॅग १०० ते १०५ आणि मोकळा ३० ते ४० मिलिमीटर असावा, असा प्रघात आहे.

आता थोडं गणित. चाक आणि शॉक यांना जोडणाऱ्या दांड्यांमुळे, म्हणजे लिंकेजमुळे, खऱ्या गाडीत कडकपणा चाकाच्या हालचालीबरोबर बदलत जातो, पण हिशोब सोपा राहावा म्हणून चाकापाशी तो एकसारखा ७ न्यूटन प्रति मिलिमीटर धरू. मागच्या स्प्रिंगवर गाडीचा भार ३५० न्यूटन आणि प्रीलोड १०५ न्यूटन. उरलेले २४५ न्यूटन स्प्रिंगला ३५ मिलिमीटर दाबतात. स्वार बसल्यावर त्याच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग मागे येतो. तो ४९० न्यूटन असेल तर आणखी ७० मिलिमीटर दबतात आणि एकूण सॅग होतो १०५. उत्तम.

त्याच गाडीवर वजनदार स्वार बसला आणि मागे ६३० न्यूटन आले, तर सॅग १२५ होईल. तो सल्ला ऐकून रिंग आवळतो, प्रीलोड २४५ न्यूटनवर नेतो आणि १०५ चा आकडा गाठतो. समाधान! पण तो उतरल्यावर मोजा: मोकळा सॅग आता जेमतेम १५ मिलिमीटर आहे. चोर इथे सापडतो. दोन सॅगमधला फरक म्हणजे स्वाराचा भार भागिले कडकपणा, इथे ९०. या भागाकारात प्रीलोड कुठेच येत नाही. रिंग कितीही फिरवा, तो फरक ढळत नाही.

म्हणूनच मोकळा सॅग फार कमी उरला तर स्प्रिंग मऊ आहे असं समजायचं. पहिल्यांदा हे उलटं वाटतं, पण गणित पाहिलं की शंका राहत नाही. या स्वाराने ९ न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग बसवली, तर ३५ न्यूटनच्या प्रीलोडवर दोन्ही सॅग पुन्हा ३५ आणि १०५ येतात. स्प्रिंग कडक झाली आणि रिंग उलट सैल करावी लागली. उडीनंतर पूर्ण ३०० मिलिमीटर दबताना आवळलेली मऊ स्प्रिंग २,३४५ न्यूटनने झुंजते, ही २,७३५ ने. शिवाय मऊ स्प्रिंगच्या गाडीत ब्रेक मारताना भार पुढे गेला की मागच्या चाकाला खड्ड्यात उतरायला जागाच उरत नाही. चाक हवेत राहतं आणि मागची बाजू उडते.

स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत करते. ती उष्णतेत घालवायचं काम तेलाचं. शॉकमधला पिस्टन तेलातून जाताना तेल बारीक छिद्रांतून आणि पातळ पोलादी चकत्यांना, म्हणजे शिम्सना, वाकवून पलीकडे जातं. शॉकवरचा क्लिकर, म्हणजे टिकटिक करत फिरणारा स्क्रू, फिरवल्यावर बहुतेक वेळा त्यातल्या बारीक छिद्राची सुई हलते. क्लिकरच्या संदर्भात येणारे ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ हे शब्द गाडीच्या वेगाबद्दल नसून पिस्टनच्या वेगाबद्दल आहेत. सावकाश चाललेली गाडी दगडावर आपटली तरी पिस्टनचा वेग प्रचंड असतो.

विजेत्या स्वारांच्या क्लिकचे आकडे मंत्रासारखे उतरवून घेणारे मी पाहतो, तेव्हा वाईट वाटतं. विजेत्याचं वजन वेगळं, स्प्रिंग वेगळी, आतल्या शिम्स वेगळ्या. तो आकडा तुमच्या गाडीबद्दल काहीही सांगत नाही.

डॅम्पिंग, म्हणजे तेलाचा हालचालीला होणारा विरोध, किती हवं, हे कडकपणा आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरतं. आपल्या वजनदार स्वाराच्या गाडीत कडकपणा ९/७ पट झाला आणि मागचा भार ८४० वरून ९८० न्यूटनवर गेला. गुणाकार बरोबर दीडपट, वर्गमूळ सुमारे १.२२. म्हणजे स्प्रिंग बदलल्यावर रिबाउंडचं, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उसळतानाचं, डॅम्पिंग पाचव्या हिश्शाहून थोडं जास्तच वाढवावं लागेल, नाहीतर उडीनंतर मागचं चाक स्वाराला वर फेकेल. पण गरजेपेक्षा जास्त आवळलं, तर लागोपाठच्या उंचवट्यांवर चाक पूर्ण परतण्याआधीच पुढचा धक्का बसतो आणि गाडी दर उंचवट्याला आणखी खाली बसत जाते. म्हणून क्लिकर आधी हळूच पूर्ण बंद करून किती क्लिक होते ते लिहून ठेवा, मग तिथून मोजत उघडा. एका वेळी एकच क्लिकर, दोन क्लिक, आणि तोच रस्ता पुन्हा.