सायकल वेगात, म्हणून शटरही वेगात?
‘सायकल शर्यतीचा व्हिडिओ काढताना शटर (फ्रेमवर प्रकाश पडण्याचा वेळ) १/१००० सेकंदाहून वेगवान ठेवा’ हा सल्ला फोटोग्राफीतून आलाय. फोटोत तो बरोबरच. व्हिडिओत मात्र प्रत्येक फ्रेम गोठते, दोन फ्रेममधली हालचाल डोळ्याला जोडता येत नाही आणि दृश्य धक्के खात चालते. म्हणून शटरचा आकडा फ्रेमसंख्येच्या दुप्पट ठेवा: सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५०, स्लो मोशनच्या १०० फ्रेमना १/२००. घाटातल्या उन्हात १/१६०० वरून १/५० वर यायला प्रकाश पाच स्टॉप (दर स्टॉपला निम्मा) कमी करावा लागतो, म्हणजे तो ३२ पट घटवणारा गडद एनडी ३२ फिल्टर लागतो.

हँडलवरचा अ‍ॅक्शन कॅमेरा हा खरा अपवाद. त्याचे सॉफ्टवेअर फ्रेम सरकवून हादरा लपवते, पण फ्रेममध्ये उमटलेला धूसरपणा पुसू शकत नाही. खडकाळ वाटेवर १/२०० च्या आसपास राहा. त्याच उन्हात एनडी ८ पुरतो.