दुधावरची तारीख आणि कार्डावरची तारीख

अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये दुधाच्या गॅलनवर एक तारीख छापलेली दिसते. त्याच देशात सुमारे 4 कोटी लोक सरकारी अन्नमदतीच्या प्लास्टिक कार्डावर किराणा भरतात. त्या कार्डावर महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला पैसे जमा होतात. दुधावरची तारीख उलटली की चांगलं दूध मोरीत ओतलं जातं. कार्डाची तारीख यायला दहा-बारा दिवस उरलेले असतात, तेव्हा फ्रीज रिकामा पडलेला असतो. या श्रीमंत देशातली भूक आणि नासाडी बऱ्याच अंशी या दोन तारखांच्या आसपास घडते.

अमेरिकी कृषी खात्याच्या अंदाजानुसार 2010 मध्ये दुकानं आणि घरं या दोनच टप्प्यांवर 13,300 कोटी पौंड, म्हणजे सुमारे 6,000 कोटी किलो अन्न वाया गेलं. उपलब्ध अन्नाच्या ते 31 टक्के होतं. माणशी हिशेब केला तर रोज 1,249 कॅलरी, मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या गरजेच्या जवळपास निम्म्या. शेतातच सोडून दिलेला माल यात धरलेला नाही. आणि 2023 मध्ये याच खात्याच्या मोजणीत 1 कोटी 80 लाख कुटुंबं, म्हणजे 4 कोटी 74 लाख माणसं, ‘अन्न-असुरक्षित’ निघाली.

ही मोजणी कशी होते ते पाहिलं की ‘छुपी’ भूक म्हणजे काय ते उलगडतं. कुटुंबाला जास्तीत जास्त 18 प्रश्न विचारतात, त्यातले 8 फक्त मुलांबद्दलचे. सुरुवात काळजीपासून होते: पुढचे पैसे हातात येण्याआधी घरातलं अन्न संपेल की काय, अशी धास्ती वाटली का? मग आणलेलं पुरलं का, चौरस आहार परवडला का, पैसे नाहीत म्हणून जेवण चुकवलं का, कमी वाढून घेतलं का, आणि शेवटी, दिवसभर काहीच न खाता राहावं लागलं का. तीन प्रश्नांना होकार आला की कुटुंब असुरक्षित धरतात. उत्तरांचा क्रमही बोलका असतो. आधी ताटातली भाजी आणि फळं जातात, मग आई पोटाला चिमटा काढते. मुलांच्या ताटाला हात सगळ्यात शेवटी लागतो, आणि म्हणूनच बाहेरच्या माणसाला काही दिसत नाही.

2006 मध्ये खात्याने या वर्गवारीतून ‘भूक’ हा शब्द काढला आणि सगळ्यात वाईट गटाला ‘अत्यल्प अन्नसुरक्षा’ असं नाव दिलं. भूक ही शरीराची जाणीव आहे आणि पाहणी घराच्या परिस्थितीची आहे, असा त्यामागचा तर्क. तर्क चुकीचा नाही. पण ‘भूक’ म्हटल्यावर पोटात जे कालवतं, ते ‘अत्यल्प अन्नसुरक्षा’ वाचून कालवत नाही, आणि हे नुकसान लहान नाही.

छुपेपणाचं दुसरं कारण शरीरात आहे. या देशात कॅलरी स्वस्त आहेत आणि पोषण महाग. मैदा, साखर आणि तेल यांचे पदार्थ डॉलरमागे भरपूर उष्मांक देतात आणि कपाटात महिनाभर टिकतात. पालेभाजी दोन दिवसांत सुकते, आणि हातात मोजके पैसे असलेला माणूस सुकणाऱ्या वस्तूवर पैज लावत नाही. त्यामुळे वजन वाढलेलं आणि आहारात तंतू, कॅल्शियम, पोटॅशियम, ‘ड’ जीवनसत्त्व कमी, असं चित्र एकाच माणसात दिसतं. भुकेला माणूस हाडकुळाच असणार, ही आपली समजूत इथे पार फसते.

कार्डाच्या तारखेचा शरीरावर होणारा परिणाम तर रुग्णालयाच्या नोंदींतून मोजता आला आहे. हे कार्ड ज्या सरकारी योजनेचं, त्या ‘स्नॅप’मध्ये माणशी सरासरी मदत दिवसाला सुमारे 6 डॉलर पडते. पैसे महिन्याचे एकदम जमा होतात आणि पहिल्या दोन आठवड्यांत त्यातले तीन चतुर्थांशाहून अधिक खर्च झालेले असतात. पगारावर जगणाऱ्या आपल्या घरांना वीस तारखेनंतरची ओढाताण वेगळी सांगायला नको. कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या नोंदींचा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरून दाखल होण्याचं प्रमाण कमी उत्पन्नाच्या रुग्णांमध्ये महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्या आठवड्यापेक्षा 27 टक्क्यांनी जास्त निघालं. सुस्थितीतल्या रुग्णांमध्ये असा चढ नव्हता. तुलनेसाठी संशोधकांनी अपेंडिसायटिसचे रुग्णही तपासले. त्या आजाराचा जेवणाशी संबंध नाही, आणि त्यात महिनाअखेरीचा काही फरक दिसला नाही.

कारण सरळ आहे. मधुमेहाचा रुग्ण इन्शुलिन किंवा गोळी रोजच्या मापाने घेतो. ते माप रोजच्या जेवणावर बेतलेलं असतं. जेवण निम्मं झालं आणि औषध तेवढंच राहिलं, की साखर कोसळते: घाम, थरथर, गोंधळ, बेशुद्धी. डॉक्टरांच्या कागदावर ‘हायपोग्लायसेमिया’ असं निदान लिहिलं जातं आणि भूक कुठेच नोंदली जात नाही.

आता दुधावरच्या तारखेकडे वळू. ती तारीख म्हणजे ‘यानंतर प्याल तर आजारी पडाल’ असा इशारा आहे, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने तारीख फक्त एकाच वस्तूवर सक्तीची आहे: तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरवर. त्या तारखेपर्यंत पोषकद्रव्यं लेबलवर लिहिलेल्या प्रमाणात टिकली पाहिजेत आणि दूध बाटलीच्या बोंडातून नीट उतरलं पाहिजे. बाकी तारखा राज्यं किंवा कंपन्या ठरवतात. मोंटाना राज्यात पाश्चरीकरणानंतर 12 दिवसांची विक्रीची तारीख टाकावी लागते आणि ती उलटल्यावर दूध विकता तर येत नाहीच, दानही करता येत नाही. न्यूयॉर्क राज्यात दुधावर तारखेची सक्तीच नाही. गाय तीच आणि जिवाणूही तेच. हा फरक शास्त्राने पाडलेला नाही.

दूध 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद तापवलं की रोग आणणारे जिवाणू मरतात. पुढे ते नासवतात ते बहुधा स्यूडोमोनाससारखे थंडीत वाढणारे जिवाणू. त्यांची विकरं (एन्झाइम) चरबी आणि प्रथिनं तोडतात, दूध कडवट किंवा खवट लागतं, फाटतं. असं दूध कोणी पिणार नाही, पण ते नासवणारे जिवाणू सहसा आजार आणणारे नसतात. नेमका उलटा प्रकार लिस्टेरियाचा. हा जिवाणू 4 अंशांच्या फ्रीजमध्येही सावकाश वाढतो, आणि वास, चव, रंग काहीही बदलत नाही. तो सापडतो कापून ठेवलेलं तयार मांस, मऊ चीज, धुरावलेले मासे यांत. गरोदर बाईला त्याच्यापासून फार मोठा धोका असतो. म्हणून नाक हे नासण्याचं माप आहे, आजाराचं नाही. दुधाला नाक चालतं. तयार मांसाला मात्र तारीख पाळायची.

हा भेद लेबलवर उमटत नाही, ही खरी चूक आहे. ‘सेल बाय’ हे शब्द दुकानदारासाठी आहेत: माल कधी मागून पुढे सरकवायचा, कधी काढायचा. गिऱ्हाईक तेच वाचून घरचं दूध ओतून देतं. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कायदा करून 1 जुलै 2026 पासून गिऱ्हाइकाला दिसेल असं ‘सेल बाय’ छापायला बंदी घातली. तारीख छापायचीच तर चवीसाठी ‘बेस्ट इफ यूज्ड बाय’ आणि सुरक्षिततेसाठी ‘यूज बाय’, एवढ्या दोनच शब्दयोजना. इतकी साधी सुधारणा व्हायला काही दशकं लागली.

तारीख जवळ आलेला माल दुकानातून फूड बँकेपर्यंत, म्हणजे दानातलं अन्न गोळा करून गरजूंसाठी वाटणाऱ्या संस्थेपर्यंत, नेणं ऐकायला सोपं वाटतं. पहिली फूड बँक 1967 मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केली. दात्याला खटल्याची भीती वाटू नये म्हणून 1996 मध्ये बिल इमर्सन कायदा आला: चांगल्या हेतूने दिलेल्या अन्नातून कोणी आजारी पडलं, तर घोर निष्काळजीपणा किंवा जाणूनबुजून केलेलं गैरकृत्य असल्याशिवाय दात्यावर जबाबदारी येत नाही. मांस तारखेच्या आधीच उणे 18 अंशांना गोठवलं की जिवाणूंची वाढ थांबते आणि ते पुढे बराच काळ सुरक्षित राहतं. डब्यांची छाननी हाताने होते. फुगलेला, गळका किंवा जोडावर खोल पोचा पडलेला डबा थेट बाद, कारण सूक्ष्म फटीतून जिवाणू आत शिरतात आणि हवाबंद डब्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू विष तयार करू शकतो. मध्यावरचा उथळ पोचा चालतो. मका, वाटाणा यांचे डबे दोन ते पाच वर्षं चांगले राहतात. टोमॅटो, अननस यांचे मात्र वर्ष-दीड वर्षच, कारण त्यांचं आम्ल आतून डब्याच्या धातूला लागतं.

सगळ्यात जास्त चुका शिजवलेल्या अन्नात होतात. लग्नाच्या हॉलमधून किंवा कॅन्टीनमधून उरलेला भात मोठ्या पातेल्यात झाकून आणला, तर वरचा थर गार होतो आणि मधला गोळा कितीतरी तास कोमट राहतो. जिवाणूंचे उकळूनही न मेलेले बीजाणू (त्यांची कठीण कवचातली सुप्त रूपं) त्या कोमट भागात जागे होतात. भातात बॅसिलस सेरियस, मांसाच्या रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. बॅसिलसचं उलटी आणणारं विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून अमेरिकेच्या अन्नसंहितेचा गार करण्याचा नियम दोन टप्प्यांचा आहे: 57 अंशांवरून 21 अंशांपर्यंत 2 तासांत, आणि तिथून 5 अंशांपर्यंत पुढच्या 4 तासांत. हे साधायचं तर पातेलं रिकामं करून अन्न पाचेक सेंटिमीटर खोलीच्या पसरट ट्रेमध्ये पसरायचं, वर झाकण घट्ट न लावता फ्रीजमध्ये ठेवायचं, ट्रे एकावर एक रचायचे नाहीत. पंगतीत किंवा बुफेवर मांडलेलं अन्न दानात घेत नाहीत. स्वयंपाकघरात मागे राहिलेलंच घेतात. हा नियम आपल्या लग्नकार्यांतही तंतोतंत लागू पडतो.

अन्न गोळा झालं तरी कुणाला काय पाठवायचं, हा प्रश्न उरतो. पूर्वी देशातल्या फूड बँकांच्या जाळ्यात माल पाळीपाळीने वाटला जाई, त्यामुळे बटाटे पिकवणाऱ्या आयडाहोला बटाट्यांचाच ट्रक जाण्यासारखे प्रकार घडत. 2005 पासून शिकागो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ कॅनिस प्रेंडरगास्ट आणि सहकाऱ्यांनी आखलेली पद्धत आली. भागातल्या गरिबीच्या प्रमाणात प्रत्येक फूड बँकेला आभासी चलन मिळतं आणि मालाच्या ट्रकवर ती बोली लावते. भाव शून्याखालीही जाऊ शकतो, म्हणजे अवघड माल उचलणाऱ्यालाच वर चलन मिळतं. ताजी भाजी या बाजारात स्वस्त जाते आणि शेंगदाण्याचं बटर महाग, कारण भाजीला शीतगृह आणि वेग लागतो. लहान गावच्या पँट्रीत, म्हणजे गरजूंना प्रत्यक्ष अन्न देणाऱ्या केंद्रात, आठवड्यातून दोन दिवस दार उघडतं, एकच घरगुती फ्रीज असतो. तिथे पालकाची पेटी पोचून उपयोग नाही.

कार्डाच्या नियमांतही एक गोष्ट आहे जिचं समर्थन करणं मला कठीण वाटतं. स्नॅपच्या पैशांत शिजवलेलं गरम अन्न सहसा घेता येत नाही. भाजलेली कोंबडी गरम असेल तर नाही, तीच गार करून बांधली तर चालते. ज्याच्याकडे चूल नाही, भाड्याच्या मोटेलच्या खोलीत जो राहतो, त्याला हा नियम कसा लागतो याचा विचार व्हायला हवा होता. काही राज्यांत वृद्ध, अपंग आणि बेघर लोकांना उपाहारगृहात कार्ड चालतं, एवढीच सवलत. नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारी कामकाज ठप्प असताना त्या महिन्याचा भरणाच रखडला, आणि फूड बँकांसमोरच्या रांगा वाढल्या.

महाराष्ट्रातून एम. एस. करायला जाणाऱ्या मुलांना हे कार्ड मिळतच नाही. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर स्नॅपचा हक्क नाही आणि सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. मात्र अनेक विद्यापीठांच्या आवारात पँट्री असते आणि तिथे बहुधा विद्यार्थी ओळखपत्र पुरतं. ती वापरण्यात कमीपणा नाही. फ्रीजमध्ये स्वस्त थर्मामीटर ठेवावा आणि काटा 4 अंशांच्या वर जाऊ देऊ नये. दूध दारातल्या कप्प्यात नव्हे तर आत मागे ठेवावं. अंड्यांच्या बहुतेक खोक्यांवर 001 ते 365 मधला तीन आकडी अंक असतो, तो अंडी भरल्याचा वर्षातला दिवस. विकत आणलेली अंडी फ्रीजमध्ये तीन ते पाच आठवडे टिकतात.

टाकलेल्या अन्नाचा पुढचा प्रवास कचऱ्याच्या डोंगरात संपतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2023 मध्ये मांडलेल्या हिशेबात कचराभूमीतून हवेत निसटणाऱ्या मिथेनपैकी 58 टक्के अन्नाचा निघाला. अन्न झटपट कुजतं, निम्मा कार्बन 3.6 वर्षांत वायू होऊन जातो. वायू गोळा करणाऱ्या नळ्या बसेपर्यंत बराचसा निघून गेलेला असतो. अन्नातून तयार झालेल्या मिथेनपैकी 61 टक्के हाती लागत नाही.

आणि मोजणीबद्दल अखेरची बातमी. घरोघरी दर डिसेंबरात विचारल्या जाणाऱ्या त्या 18 प्रश्नांवरचा वार्षिक अहवाल यापुढे बंद करत असल्याचं कृषी खात्याने सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. साखर कोसळून दाखल झालेल्या रुग्णाच्या कागदावर भूक लिहिलेली नसते. ती जिथे लिहिली जात होती, ती एक जागा आता कमी झाली.