नॅक्सॉस बेटावर काय झालं, हे मुलांना सांगायचं का?

ग्रीक वीर थिसिअसची गोष्ट मुलांना सांगताना क्रीटच्या भुलभुलैयापर्यंत काही अडचण येत नाही. बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर, राजकन्या अ‍ॅरिअ‍ॅड्नीने दिलेला दोऱ्याचा गुंडा, अंधारातली झुंज आणि दोरा धरून गाठलेलं दार, हे सगळं मुलं श्वास रोखून ऐकतात. पंचाईत होते ती पुढे. जिच्यामुळे जीव वाचला, त्या अ‍ॅरिअ‍ॅड्नीला थिसिअस नॅक्सॉस बेटावर झोपेतच सोडून निघून जातो. ग्रीक वीरकथा मुलांना नव्याने सांगणाऱ्यांचा इतिहास पाहिला की वाटतं, राक्षसांनी त्यांना फारसं अडवलं नाही. वीराच्या हातून झालेला अन्याय कसा सांगायचा, इथे मात्र प्रत्येकाचा कस लागला.

हा प्रश्न खुद्द ग्रीसमध्येच उपस्थित झाला होता. इ.स.पू. चौथ्या शतकात प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये आया आणि दाया मुलांना कोणत्या गोष्टी सांगतात यावर लक्ष ठेवावं, असं लिहिलं. क्रोनस या देवाने बापाची केलेली गत खरी असली तरी लहानांपुढे नको. सांगायचीच झाली, तर मोजक्या लोकांना, गुपचूप आणि तीही साधं डुक्कर नव्हे, मोठा, सहजी न मिळणारा बळी दिल्यावर, म्हणजे ऐकणारे आपोआप कमी होतील! वीरांच्या बाबतीतही त्याची हीच भूमिका होती. ट्रॉयच्या युद्धात अकिलीसने हेक्टरचं प्रेत फरफटत नेलं, थिसिअस मित्राबरोबर बायका पळवायला गेला, असं कवींनी म्हणूच नये. मोठ्यांचे असे प्रताप ऐकले की आपल्या दुष्कृत्यांनाही सबब मिळते, ही त्याची भीती होती. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण ग्रीक मुलं पुढेही होमर पाठ करतच राहिली, आणि होमरने काही लपवलेलं नव्हतं.

खास तरुण वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकांमध्ये फ्रान्सच्या फेनेलोंचं 'तेलेमाक' आधी आठवतं. फेनेलों हे चौदाव्या लुईच्या नातवाचे शिक्षक. 1699 मध्ये छापल्या गेलेल्या या पुस्तकात होमरचा वीर ओडिसिअस याच्या मुलाचा प्रवास हे निमित्त आहे, खरा धडा राज्य कसं करावं याचा आहे. राजाला ती आपल्यावरचीच टीका वाटली.

1808 मध्ये लंडनला चार्ल्स लॅम्बने ओडिसिअसची सफर मुलांसाठी लिहिली, तेव्हाचा एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. प्रकाशक विल्यम गॉडविनला एकाक्ष राक्षसाचा भाग फार किळसवाणा वाटला. राक्षसाच्या ओकारीचा उल्लेख लॅम्बने मुकाट्याने काढला. बाकीच्या बाबतीत मात्र तो अडून बसला. माणसं खाणाऱ्यांनी भरलेली गोष्ट निवडायची आणि वर तिने कुणाला धक्का बसू नये म्हणायचं, हे जमणार नाही, असं त्याने गॉडविनला कळवलं. लॅम्बचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

जर्मनीत गुस्टाव श्वाबने 1838 ते 1840 या काळात तीन खंडांत या कथा आणल्या. इतिहासकार नीबूरने आपल्या मुलाला सांगितलेल्या वीरकथा नीबूरच्या मृत्यूनंतर, 1842 मध्ये छापल्या गेल्या.

मग आला अमेरिकेचा नॅथॅनिएल हॉथॉर्न. त्याच्या 1851च्या 'वंडर बुक'मध्ये एक कॉलेजचा विद्यार्थी मुलांना गोष्टी सांगतो. घरातला विद्वान गृहस्थ त्याला टोकतो, की हे म्हणजे संगमरवरी पुतळ्याला रंग फासणं झालं. विद्यार्थी उत्तर देतो, की प्राचीन कवींनीही या कथा आपल्याला हव्या तशाच घडवल्या होत्या. हे स्वातंत्र्य हॉथॉर्नने मनसोक्त घेतलं. मिडास राजाची मुलगी सोन्याची होते, ती गोष्ट आपल्याकडेही घरोघरी सांगतात. रोमन कवी ओव्हिडच्या मूळ काव्यात मात्र मुलगी नाहीच. तिथे फांदी, दगड, भाकर आणि मद्य अशाच गोष्टी सोन्याच्या होतात. मुलीचा प्रसंग रुळला तो हॉथॉर्नमुळे, आणि माझ्या मते गोष्ट त्याने चांगलीच केली.

अ‍ॅरिअ‍ॅड्नीच्या बाबतीत मात्र त्याने जे केलं ते मला खटकतं. 1853च्या 'टँगलवुड टेल्स'मध्ये ती थिसिअसबरोबर जायलाच नकार देते: वडील म्हातारे आहेत, त्यांना माझ्याशिवाय कोण आहे? आणि थिसिअसने तिला बेटावर टाकलं असं म्हणणारे लोक हलक्या मनाचे आहेत, असंही लेखक बजावतो. वीर निष्कलंक राहिला, पण तिच्यावर झालेला अन्याय पुसला गेला.

इंग्लंडमधले पाद्री चार्ल्स किंग्जली यांना हॉथॉर्नची पुस्तकं अतिशय सवंग वाटली. रोज, मॉरिस आणि मेरी या आपल्या मुलांसाठी त्यांनी 'द हीरोज' लिहिलं. 1856चं हे पुस्तक पर्सिअस, जेसन आणि थिसिअस यांचं. थिसिअस अ‍ॅरिअ‍ॅड्नीला झोपेत सोडून गेला असं काही म्हणतात, हे त्यांनी सांगून टाकलं. जेसनची बायको मीडिया हिच्या अखेरच्या सूडापाशी तेही थांबले. तो फार भयंकर आहे, इथे सांगत नाही, मोठे झालात की तुम्हीच ऐकाल, असं त्यांनी मुलांना लिहिलं. न सांगता येण्यासारखं काही आहे, एवढं तरी मुलाला कळतं. म्हणूनच मला किंग्जली हॉथॉर्नपेक्षा प्रामाणिक वाटतात.

हर्क्युलिसचं असंच होतं. अपोलोडोरसच्या नावावरच्या ग्रंथात त्याची बारा कामं हे प्रायश्चित्त आहे: वेडाच्या भरात त्याने स्वतःची मुलं मारलेली असतात. मुलांच्या कित्येक पुस्तकांत हे कारण गायब होतं आणि मत्सरी राजाने कामं सांगितली, एवढंच उरतं. मग प्रत्येक काम म्हणजे नुसता ताकदीचा खेळ.

विसाव्या शतकात सूर बदलला. लिऑन गारफिल्ड आणि एडवर्ड ब्लिशन यांच्या ग्रीक दैवतकथांच्या पुस्तकात क्रौर्य झाकलेलं नव्हतं, चार्ल्स कीपिंगची चित्रंही तशीच काळोखी. तरी त्याला 1970चं कार्नेगी पदक मिळालं. 2005 मध्ये रिक रायर्डनच्या कादंबरीमालिकेचा नायक पर्सी जॅक्सन आला. रायर्डन शाळेत शिकवत. मुलाला वाचनाची आणि एकाग्रतेची अडचण होती, आणि रात्री त्याला ग्रीक कथा हव्या असत. माहीत होत्या तेवढ्या संपल्यावर वडिलांनी नवा वीर रचला आणि त्याला त्याच अडचणी दिल्या. या मालिकेतल्या देवांची मुलं बापाने विचारलंही नाही म्हणून दुखावलेली आहेत. हर्मीसचा मुलगा ल्यूक तर त्याच रागाने शत्रूला जाऊन मिळतो. प्लेटोला जे मुलांच्या कानावर पडू द्यायचं नव्हतं, ते थोरांचं वागणं इथे गोष्टीचं कारणच आहे, आणि त्याचा जाब विचारणारी पात्रं वाचकांच्याच वयाची आहेत.