जेवण नाही, तरी साखर चढते कशी?

"दोन दिवस धड जेवण नाही, तरी साखर २८० कशी?" मधुमेही माणसाला फ्लू किंवा डेंगी झाला की हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो आणि खापर फुटतं तापाच्या गोळीवर. गोळी बिचारी निर्दोष असते. आजारपणाच्या ताणाने कॉर्टिसॉल आणि अॅड्रेनलिन वाढतात, यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं, इतपत आपण शाळेत शिकलेलो असतो. पण खरी गंमत स्नायूंत आहे.

क्रोएशियातल्या रिएका विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना सायटोमेगॅलो विषाणूची लागण करून पाहिली. निष्कर्ष २०१८ साली छापून आले. विषाणू शिरला की नैसर्गिक मारक पेशी आणि टी-पेशी या संरक्षक पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचं प्रथिन सोडतात. ते स्नायूंपर्यंत पोचतं आणि तिथे इन्सुलिनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणारी प्रथिनं, बनणंच कमी होतं. म्हणजे इन्सुलिन दार ठोठावतंय, पण दाराला कडीच नाही! स्नायू हे ग्लुकोजचे मोठे गिऱ्हाईक. त्यांनी उचल कमी केली की साखर वाढायला हवी. सडपातळ उंदरांत मात्र ती वाढत नाही, कारण स्वादुपिंड जादा इन्सुलिन ओततं. आता हे जादा इन्सुलिन जातं कुठे? सीडी-८ टी-पेशींवरही इन्सुलिनचे रिसेप्टर असतात. त्या जोमाने वाढतात आणि विषाणूग्रस्त पेशींवर तुटून पडतात. थोडक्यात, ज्याला आपण बिघाड म्हणतो तो शरीराचा डावपेच निघाला. मला तर हा सगळा प्रकार कमालीचा देखणा वाटतो.

लठ्ठ उंदरांचं यकृत आधीच इन्सुलिनला दाद देत नव्हतं. त्यात स्नायूंवर इंटरफेरॉनचा बोजा पडला आणि साखर हाताबाहेर गेली. उंदरांवरून माणसाचं गणित थेट मांडता येत नाही, हे खरंच. तरी आजारपणात मधुमेह उफाळतो तो का, याचा एक धागा इथे सापडतो.

उलट्या दिशेची वाट जास्त परिचयाची. साखर चढलेली असली की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मंदावतात, जंतू गिळायला कमी पडतात. २०२१ च्या लाटेत महाराष्ट्राने काळी बुरशी पाहिली ती कोविड, बेताल साखर आणि सढळ हाताने दिलेली स्टेरॉइड्स या तिघांच्या संगनमताने. त्याच काळात घरोघरी 'इम्युनिटी'चे काढे उकळत होते, त्यात गुळाचा मोठा खडा! मधुमेह्याने कुठली प्रतिकारशक्ती कमावली, देव जाणे.

हिपॅटायटिस सी तर स्वतःच यकृताची इन्सुलिनला मिळणारी साथ बिघडवतो. गोळ्यांनी तो विषाणू गेला की काही रुग्णांची साखरही सुधारते.

तापात साखर पहिल्यांदाच जास्त दिसली तर एचबीए१सी ही रक्ताची तपासणी करून घ्यावी. ती आधीच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. आकडा चढा असेल तर मधुमेह बहुधा आधीपासूनच मुक्कामाला होता, तापाने फक्त तो उघड केला. आणि जेवण होत नाही म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करू नये. डोस किती, हे डॉक्टरांना फोन करून विचारावं.